झडपेवरची तार

उल्कान एजे हंडा पेटवण्याआधी झाकण उचलून त्यात डोकं घालायची आणि वास घ्यायची. कालच्या रश्श्याचा वास आला तर पेटवायची नाही. पुन्हा घासायची. आधी राखेने, मग गरम पाण्याने, मग कोरड्या फडक्याने. सव्वाशे लिटरचा हंडा तळापर्यंत घासायचा तर पोट त्याच्या काठावर टेकवावं लागतं. तिच्या पोटावर त्या काठाचा कायमचा वळ पडला होता असं ती सांगायची. "बघायला कुणी नाही, म्हणून सांगते," असंही म्हणायची.

एजे म्हणजे आमच्याकडे थोरली बहीण. पलटणीत सगळे तिला एजेच म्हणत. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठा, पण मीही म्हणायचो. नारिनच्या डेपोत मी एकतीस वर्षं जोडकाम आणि पत्र्याचं काम केलं, म्हणून मला सगळे उस्ता म्हणत, म्हणजे कारागीर. ती सत्तावीस वर्षं स्वयंपाकी होती. तिला हुद्दा नव्हता, गणवेश नव्हता. पांढरा एप्रन होता आणि एप्रनच्या खिशात एकोणीस नंबरचा पाना. झाकणाचे बोल्ट त्याच पान्याने उघडत. पाना मागितला तर ती द्यायची नाही. "तुझा कुठाय?" एवढंच विचारायची.

सैन्याचं स्वयंपाकघर चाकांवर असतं. ट्रकच्या मागे जोडायची गाडी, आम्ही तिला भट्टी म्हणतो, तिच्यावर दोन हंडे, खाली डिझेलचा बर्नर. झाकण सहा बोल्टांनी आवळलेलं. झाकणावर टोपीखाली एक झडप. आत वाफ जास्त झाली की झडप स्वतःच उचलली जाते, फुसफुसते, वाफ सोडते आणि पुन्हा बसते. तिचा आवाज आला म्हणजे हंडा शहाणा आहे असं समजायचं.

खालच्या गावात मेंढीचं मांस दोन तासांत मऊ होतं. कोक-सायच्या कुरणावर, तीन हजार मीटरवर, साडेचार तास लागतात. तिथे पाणी लवकर उकळतं, पण ते पुरेसं तापलेलं नसतं. उकळतं आणि शिजत नाही. यावर आमच्या लोकांनी एक तोड काढली होती. झडपेच्या दांडीला तार गुंडाळायची. वाफ आत कोंडते, पाणी जास्त तापतं, मांस दोन तासांत शिजतं. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, पण डोंगरातल्या प्रत्येक तुकडीला माहीत होतं. आमच्याकडे पाहुण्याला "अजून झालं नाही" म्हणता येत नाही. सांगणाऱ्याच्या घराण्याला ते वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागतं. पाहुणा लवकर आला की झडपेला तार बांधली जायची.

बांधलेली झडप बोलत नाही. आत किती दाब झालाय ते बाहेर कळत नाही.

कुबातचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कुबात एजेबरोबर काम करणारा सार्जंट. त्या वेळी एकेचाळीस वर्षांचा, आडवा, बोटं जाड, पण नूडल्स इतक्या बारीक कापायचा की बायका बघायला यायच्या. त्या वर्षी राजधानीहून एक जनरल तपासणीला आले आणि दोन तास आधी आले. रसद बघणारा अधिकारी मामबेतकुलोव तेव्हा मेजर होता. तो भट्टीपाशी येऊन म्हणाला, "उस्ता, तार." मी दोन मिलिमीटरची तार तोडून दिली. एजेने ती दांडीला तीन वेढे घालून पिळली. कुबात तेव्हा ओढ्यावर पाणी भरत होता. त्याने तार पाहिली नाही. ती टोपीखाली होती.

दीड तासाने तो झाकण उघडायला गेला. झडप गप्प होती, म्हणून वाफ गेली असं तो समजला. चौथा बोल्ट सैल झाला आणि झाकण उडालं.

उजवा गाल, उजवा हात, उजवा डोळा.

त्याला खाली नेल्यावर मी तार काढली. कुणी काढायला सांगितली नव्हती. चौकशीला माणसं आली तेव्हा झडप मोकळी होती. कागदावर लिहिलं गेलं: स्वयंपाक्याने दाब न सोडता झाकण उघडले, निष्काळजीपणा. खाली साक्षीदार म्हणून एजेची सही, "झडप सुस्थितीत होती." मला कुणी काही विचारलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. तार माझ्या हत्यारांच्या पेटीत, छिन्न्यांच्या खाली, सहा वर्षं पडून होती. टाकली नाही आणि दाखवलीही नाही.

कुबात गावात बहिणीकडे राहू लागला. दर शरदात एजे त्याच्याकडे बटाटे काढायला जायची. तीन दिवस वाकून काढायची, पोती शिवायची, परत यायची. कुबात तिला दर वेळी तेच सांगायचा. "माझे कान खराब झाले होते बहुतेक. फुसफुस झाली असणार, मला ऐकू आली नाही." तो शहरात जाऊन कान तपासून आला. दोनदा. डॉक्टर म्हणाले, कान ठीक आहेत. त्याने डॉक्टर बदलला.

एजे बटाटे काढायची आणि गप्प बसायची. मला हे तिनेच नंतर सांगितलं.

तर सहा वर्षांनंतरच्या ऑगस्टची गोष्ट. कोक-सायवर संयुक्त सराव होता. कझाक आले होते, ताजिक आले होते, आणि आम्ही. दोन आठवडे. दहावा दिवस सामानाचा, म्हणजे प्रत्येक देशाने आपली गाडी, भट्टी, पाण्याची टाकी, दुरुस्तीची हत्यारं मांडायची आणि दुसऱ्यांना शिकवायची, असं कागदावर लिहिलं होतं. मामबेतकुलोव आता लेफ्टनंट कर्नल झाला होता. त्याने आमच्या दोन्ही भट्ट्यांना हिरवा रंग देववला. रंग ओला असतानाच ट्रक निघाला, म्हणून वाटेतली सगळी धूळ त्यावर बसली. मी तो घासून काढला आणि भट्ट्या पुन्हा रंगवल्या. दोन दिवस गेले त्यात.

त्या दिवशी जेवण चारला ठरलं होतं. एजेने साडेअकराला हंडा पेटवला. चार मेंढ्यांचं मांस. पण खिंडीतलं प्रात्यक्षिक वाऱ्यामुळे रद्द झालं आणि पाहुणे एक वाजता तंबूत येऊन बसले.

मामबेतकुलोव आला. चालण्यावरूनच कळलं काय म्हणणार ते.

"एजे, किती वेळ?"

"चार वाजता."

"ते बसलेत आत."

"बसू देत. चहा आहे, कणकेचे बोरसोक सकाळी तळलेत, लोणी आहे, घोडीच्या दुधाचं कुमिस आहे."

"कझाकांच्या कर्नलला बोरसोकवर बसवू? तो घरी जाऊन काय सांगेल?"

"बोरसोक खाल्ले असं सांगेल."

तो जवळ आला, आवाज खाली आणला. "तुला माहीत आहे काय करायचं ते."

"माहीत आहे. म्हणूनच करत नाही."

"उस्ता," तो माझ्याकडे वळला, "तार."

"तार संपली," मी म्हणालो.

"तुझ्या खांद्यावर काय आहे?"

खांद्यावर भेंडोळं होतं. सकाळपासून होतं. "ही कुंपणाची," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

एजेने माझ्या खांद्यावरून भेंडोळं उतरवलं, जमिनीवर ठेवलं आणि त्यावर बसली. चांगली भरलेली बाई होती. एप्रन गुडघ्यांवर सारखा केला आणि बटाटे सोलायला घेतले.

"ऊठ."

"दमले मी. सकाळपासून उभी आहे."

"उद्यापासून तू या भट्टीला हात लावायचा नाहीस."

"उद्याचं उद्या बघू. आज हात माझा आहे."

मामबेतकुलोव ट्रकवाल्यांकडे गेला. ट्रकवाल्यांकडे तारेला तोटा नसतो. एजेने ते पाहिलं. तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले.

"उस्ता, तो दुसऱ्या कुणाकडून बांधून घेईल. तू झाकणापाशी उभा राहा. हलायचं नाही."

"बरं."

"आणि ती तार. ती अजून आहे ना तुझ्याकडे?"

तिला कसं माहीत होतं ते मी विचारलं नाही. पेटी उघडली, छिन्न्या बाजूला केल्या, तार काढून दिली. सहा वर्षांत ती तपकिरी झाली होती. तीन वेढे तसेच होते. तिने ती पान्याच्या खिशात टाकली आणि तंबूकडे चालू लागली.

तंबूत काय झालं ते मी दारातून पाहिलं नाही. मी झाकणापाशी उभा होतो. पण तंबू कापडाचा, आणि वारा माझ्याकडे येत होता. शिवाय नंतर सार्जंट येरसाइननेही सांगितलं. येरसाइन कझाकांच्या भट्टीचा प्रमुख. दाराजवळ बसला होता, कारण हुद्द्याने लहान माणसं दाराजवळ बसतात.

एजे आत गेली आणि तिने सलाम केला. आमचे अधिकारी हसले, त्यांना वाटलं मांस येतंय.

"पाहुण्यांनो," ती म्हणाली, "मांस कच्चं आहे."

येरसाइन म्हणतो, त्या तंबूत इतकी शांतता झाली की कुमिसचा फेस बसताना ऐकू आला. तो कझाक आहे, थोडं वाढवून सांगतो. पण शांतता झाली हे खरं. माझ्याकडे येणारा गलकाही थांबला.

"चार वाजता शिजेल. तोपर्यंत थांबावं लागेल. लवकर शिजवायची एक रीत आमच्याकडे आहे. ती मी करणार नाही, पण दाखवणार आहे. आजचा दिवस एकमेकांना अवजारं दाखवायचा आहे असं कागदावर लिहिलंय. ज्यांच्याकडे अशी भट्टी आहे त्यांनी बाहेर यावं."

आमच्याकडे बाई पाहुण्यांना असं सांगत नाही. बाप्याही सांगत नाही. आमचा एक मेजर म्हणाला, "एजेची तब्येत बरी नाही." त्यावर कझाकांचा म्हातारा कर्नल उठला, पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून थोडा लंगडला, आणि म्हणाला, "मीही बघतो. बसून बसून कंटाळलो."

मग सगळेच उठले.

तेवढ्यात मामबेतकुलोव एका ट्रकवाल्याला घेऊन माझ्यापाशी आला होता. ट्रकवाल्याच्या हातात पक्कड आणि तार. तीसेक माणसं तंबूतून येताना पाहून त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. मामबेतकुलोव बाजूला झाला. हसत होता. पाहुण्यांसमोर हसावंच लागतं.

एजे भट्टीच्या पायरीवर चढली. कझाक आणि आम्ही एकमेकांची भाषा समजतो, पण ताजिकांसाठी ती रशियनमध्ये बोलली. तिची रशियन स्वयंपाकघरातली होती, छोटी छोटी वाक्यं. तिने झडपेची टोपी उचलली. झडप फुसफुसत होती.

"हा आवाज ऐका. हा असला पाहिजे."

मग खिशातून तार काढली.

"सहा वर्षांपूर्वी ही इथे होती. मी बांधली. मला सांगितलं म्हणून बांधली, पण हात माझे होते. माझ्याबरोबर कुबात नावाचा सार्जंट होता. त्याला माहीत नव्हतं. त्याने झाकण उघडलं." तिने आपल्या गालावर, हातावर, डोळ्यावर बोट ठेवून दाखवलं. "कागदावर लिहिलं, त्याचा निष्काळजीपणा. मी सही केली. ती सही खोटी आहे. झडप सुस्थितीत नव्हती."

मामबेतकुलोव म्हणाला, "जुनी गोष्ट आहे, एजे. पाहुण्यांना कशाला?"

"पाहुण्यांकडे हीच भट्टी आहे," ती म्हणाली.

ताजिकांचा एक सार्जंट होता, सफरमुरोद. बुटका, पुढचे दोन दात सोन्याचे. तो वळला आणि निघून गेला. आम्हाला वाटलं रागावला. यजमानाच्या भट्टीपाशी अपघाताच्या गोष्टी, बरोबर नाही ते. तो आपल्या गाडीपाशी गेला, झाकणावर वाकला, काहीतरी उलगडत बसला, आणि परत आला. त्याच्या मुठीत तार होती. त्याने ती पायरीवर, एजेच्या तारेशेजारी ठेवली.

"आमची दुहेरी आहे," तो म्हणाला. "एकेरी तुटायची."

"कोण?" एजेने विचारलं.

"चुलत भाऊ. माझ्याच हंड्यावर."

"कागद?"

"निष्काळजीपणा." सोन्याचे दात दिसले, पण तो हसत नव्हता. "आमच्याकडे हा शब्द टाइप करून ठेवलेला असतो, एजे. नुसतं नाव भरायचं."

आता सगळे येरसाइनकडे बघायला लागले. तो उंच, गोरा, मिशी राखलेला. त्याने दोन्ही हात वर केले.

"आम्ही तार वापरत नाही."

"शाबास," सफरमुरोद म्हणाला.

"दगड ठेवतो."

कझाकांचा म्हातारा कर्नल त्याच्याकडे वळला. "काय ठेवता?"

"दगड, साहेब. चपटा. गेल्या महिन्यात तुम्ही घोड्याच्या मांसाची तारीफ केलीत ना? तो दगडच होता."

कर्नल म्हणाला, "मला वाटलं घोडा कोवळा होता."

तिथून पुढे काम सुरू झालं. खरं काम, दोन तास. असं काम मी त्याआधी कुठल्या सरावात पाहिलं नव्हतं. आधीच्या सरावांत दाखवणारा चांगलं तेवढं सांगायचा, बघणारा मान डोलवायचा, फोटो निघायचा. त्या दिवशी प्रत्येकाने आपलं काय बिघडतं ते सांगितलं.

एजेने मी बनवलेली जाळी दाखवली. झडपेच्या भोकाखाली बसवायची पितळी वाटी, दीड मिलिमीटरची भोकं. एरवी बाजरीचा कण वर येऊन झडप बुजते, वाटी बसवली की बुजत नाही. ही वाटी मी कुबात भाजल्यावर केली होती. पहिल्या सात बिघडल्या, आठवी बसली. तिने दुसरंही एक दाखवलं. झडपेच्या दांडीला दोन हात लांब दोरी. झाकण उघडण्याआधी लांब उभं राहून दोरी ओढायची, आवाज पूर्ण थांबेपर्यंत धरायची, मग शंभर मोजायचे.

"शंभर?" येरसाइन म्हणाला. "पन्नास पुरतील."

"तुझ्या चेहऱ्याला पन्नास पुरतील. मिशी गेली तर बायको ओळखायची नाही, बाकी काही नाही."

सफरमुरोदने मांस कापून दाखवलं. अंगठ्याएवढे तुकडे, धाग्याला आडवे. आदल्या संध्याकाळी मीठ आणि थोड्या ताकात भिजवायचे. ताजिकांचा हंडा आमच्याहून जुना, पण त्यांचं मांस तीन तासांत होतं. "आणि चव?" एजेने विचारलं. "तुम्ही मोठे तुकडे मानाने वाटता, आम्ही लहान तुकडे भुकेने खातो," तो म्हणाला. येरसाइनने त्यांचे झाकणाचे डबे आणले, दुहेरी भिंतीचे. खालच्या तळावर मांस चारपैकी तीन भाग शिजवायचं, उकळता रस्सा घालून डबा बंद करायचा, नमद्यात, म्हणजे लोकरीच्या जाड कापडात, गुंडाळायचा, ट्रकवर टाकायचा. वर पोचेपर्यंत उरलेला एक भाग स्वतःच शिजतो. मग दगड कशाला ठेवायचे, असं मी विचारलं. "डबे फक्त तपासणीच्या वेळी मिळतात, उस्ता," तो म्हणाला. "एरवी कोठारात कुलूप."

हे त्याच्या कर्नलसमोरच म्हणाला. कर्नलने वही काढून काहीतरी लिहिलं.

चार वाजून दहा मिनिटांनी एजेने दोरी ओढली. शंभर मोजले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे. झाकण उघडलं. मांस मऊ होतं, हाड हातात सुटत होतं. मेंढीचं डोकं म्हाताऱ्या कर्नलला गेलं, कान कापून त्याने रिवाजाप्रमाणे धाकट्याला द्यायचा होता, तो त्याने येरसाइनला दिला. "ऐकत जा," म्हणाला.

सगळं बरं झालं असं वाटलं असेल. पाहुणे गेल्यावर तिसऱ्या दिवशी एजेला कचेरीत बोलावलं. खुलासा लिहायचा होता. पाहुण्यांसमोर शिस्तभंग का केला.

तिने लिहिलं. मी तो कागद वाचला आहे, पाच ओळी. झडपेला तार बांधण्याचा हुकूम मिळाला, मी बांधली नाही. सहा वर्षांपूर्वी असाच हुकूम मिळाला, मी बांधली. सार्जंट कुबात त्यामुळे भाजला, त्याची चूक नव्हती. माझी तेव्हाची सही खोटी आहे. पाहुण्यांना सांगितलं, कारण त्यांच्याकडे हीच भट्टी आहे.

मामबेतकुलोव म्हणाला, "पहिली ओळ आणि शेवटची ओळ ठेव. मधल्या काढ. नवीन कागद घे."

तिने नवीन कागद घेतला आणि त्याच पाच ओळी लिहिल्या.

"तुला वाचता येतं ना?"

"येतं. तुम्हाला?"

तिसऱ्या कागदावर पुन्हा त्याच ओळी. चौथ्या कागदाखाली मी माझं नाव लिहिलं, "तार मी दिली आणि मी काढली." चौथ्या, पहिल्या नाही. हेही सांगून ठेवतो. सातवा कागद त्याने तिच्यासमोर फाडला. तिने आठवा तिथेच उभ्याने लिहिला. तिचं अक्षर मोठं, शाळेतल्या मुलीसारखं, एक ओळ लिहायला ती वेळ घ्यायची. तोपर्यंत तिला भट्टीवरून काढून कपडे धुण्याच्या खोलीत टाकलं होतं. तिथली कामं उरकून ती कचेरीत यायची, हात सुरकुतलेले, साबणाचा वास.

आठव्यानंतर ती म्हणाली, "उस्ता, चल. कुबातकडे जाऊ. बटाट्यांची वेळ झाली."

आम्ही बसने गेलो. कुबात अंगणात दोरखंड वळत होता. एजे त्याच्यासमोर बसली नाही. उभी राहिली आणि सांगितलं. सगळं. तार कुणी दिली, कुणी बांधली, कुणी काढली, सही कुणाची, आणि ऑगस्टमध्ये पाहुण्यांसमोर काय झालं. मी तिथेच होतो. त्याचा चांगला डोळा तिच्यावर होता, मग माझ्यावर.

"म्हणजे कान ठीक होते," तो म्हणाला.

"ठीक होते."

"सहा वर्षं मी डॉक्टरांना कान दाखवतोय."

"हो."

"आणि तू दर वर्षी माझ्या शेतात वाकून माझं हे ऐकत होतीस."

"हो."

तो उठला आणि आत गेला. बराच वेळ आला नाही. त्याच्या बहिणीने चहा आणून ठेवला, तो कुणी घेतला नाही. मी जायला उठलो. एजे म्हणाली, "बस. हाकलेल तेव्हा जाऊ."

तो बाहेर आला तेव्हा अंगात गणवेशाचा जुना कोट होता. गुंड्या पोटावर लागत नव्हत्या.

"त्या दिवशी," त्याने विचारलं, "पाहुण्यांचं मांस शिजलं का?"

"शिजलं. चार वाजून दहा मिनिटांनी."

"तारेशिवाय?"

"तारेशिवाय."

"मग माझ्या वेळीही शिजलं असतं."

"असतं."

"तुला मी माफ केलंय असं समजू नकोस."

"समजत नाही."

"उस्तालाही नाही."

"बरं," मी म्हणालो.

"बटाटे आधी काढा. दोघांनी. मग निघू."

आम्ही दोन दिवस बटाटे काढले. तो बांधावर बसून बघत होता, एकही राहिलेला दिसला तर काठीने दाखवत होता. तिसऱ्या दिवशी तिघे नारिनला आलो.

कुबात पलटणीच्या फाटकाबाहेर पालथ्या बादलीवर बसला. काही मागितलं नाही, घोषणा दिली नाही. पहारेकऱ्याने हटकलं तर म्हणाला, "रस्ता सरकारचा, बादली माझी." उजवा गाल रस्त्याकडे करून बसायचा. अधिकाऱ्यांच्या गाड्या फाटकापाशी हळू होतातच. सकाळी आठला यायचा, संध्याकाळी सहाला उठायचा. ऑक्टोबर होता, वारा सुरू झाला होता. एजे दुपारी त्याला रस्सा आणून द्यायची. तो चाखून म्हणायचा, "मीठ कमी आहे." पुढच्या दिवशी म्हणायचा, "जास्त आहे." तो खात मात्र होता.

तिसऱ्या दिवशी मामबेतकुलोव गाडीतून उतरला. "कुबात, घरी जा. थंडी आहे."

"मला थंडी चालते," कुबात म्हणाला. "गरम सोसत नाही."

मामबेतकुलोव परत गाडीत बसला.

त्याच सुमारास ताजिकांकडून सरावाचा त्यांचा अहवाल आला. सफरमुरोदने त्यात लिहिलं होतं: यजमान देशाच्या स्वयंपाकिणीने झडप बांधण्याचा धोका उघडपणे समजावला, आम्ही आमच्या सर्व भट्ट्यांवरच्या तारा काढल्या. खाली त्यांच्या वरच्यांची सही. तो कागद आमच्या वरच्यांकडे गेला होता. आता आमच्याकडेही त्याच अर्थाचा एखादा कागद असायला हवा होता, नाहीतर कुणीतरी विचारलं असतं.

नवव्या दिवशी एजेला बोलावलं. तिने नववा खुलासा दिला, त्याच पाच ओळी, खाली माझं नाव. कारकुनाने तो घेतला, शिक्का मारला आणि कुबातच्या जुन्या चौकशीच्या फायलीत टाचला. जुना कागद काढला नाही. "निष्काळजीपणा" तिथेच आहे. पण जो कुणी तो वाचेल त्याला पुढचं पान उलटावं लागेल.

एजे फाटकाबाहेर आली. कुबातने विचारलं, "शिक्का?"

"मारला."

"गोल की चौकोनी?"

"गोल." गोल शिक्का म्हणजे कागद सरकारी नोंदीत पक्का.

तो उठला, बादली उचलली. गुडघे आखडले होते, त्याने हात पुढे केला, डावा. एजेने तो धरून त्याला उभं केलं. मग तो हात सोडून बस थांब्याकडे चालू लागला. आम्ही दोघं त्याच्या मागे, दहा पावलांवर.

भट्टी एजेला परत मिळाली नाही. निवृत्त होईपर्यंत तीन वर्षं ती कपडेच धूत होती. कोठारवाल्याने दर वर्षी सामान मोजताना एकोणीस नंबरचा पाना परत मागितला. कपडे धुण्याच्या खोलीत तो कशालाच लागत नाही.

तिने तो दिला नाही.